कितवी आली?

माझी लेक शाळेच्या क्रॉस कंट्री संघात आहे. ती वेगवान मुलींपैकी नाही. शर्यतीत तिच्या पुढे भलीमोठी गर्दी असते आणि मागे मोजक्या मुली. तरी शाळेचं नाव छापलेली जर्सी तिच्याकडे आहे, शर्यतीच्या दिवशी छातीवर नंबर असतो, आणि तिची मागच्या शर्यतीतली वेळ कोचना सेकंदासकट पाठ असते. शिकागोच्या पश्चिमेला ड्युपेज काउंटीत आमचं घर आहे. या देशात आल्यावर ज्या गोष्टींवर माझा जीव जडला, त्यांत इथल्या सरकारी शाळेतला हा धावण्याचा खेळ फार वर येतो. तो का, हे आज नीट लिहून काढायचं आहे.

साताऱ्याहून माझी आई व्हिडिओ कॉल करते तेव्हा तिचा प्रश्न ठरलेला असतो: "कितवी आली गं?" नात सांगते, "आजी, शंभराच्या पुढे कितवीतरी, पण पीआर झाला!" पीआर म्हणजे स्वतःची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. आईला सुरुवातीला हे पटेना. शंभरावी येऊन पोरगी एवढी खूश कशी, आणि शंभरावी येणाऱ्या पोरीला शाळा बस देऊन गावोगाव नेते तरी कशाला? हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही, कारण मीही तशाच शाळेतून आले. आमच्याकडे तालुक्याच्या स्पर्धेला ज्यांची निवड झाली तीच मुलं खेळाडू. जिल्हा, राज्य पातळीवर गेलेल्यांना दहावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळत. बाकीच्या आम्ही पी.टी.च्या तासाला मैदानाला एक फेरी मारायचो आणि पिंपळाखाली बसून राहायचो.

इथलं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. उपनगरातल्या एकेका शाळेत अडीच-तीन हजार मुलं सहज असतात. इमारतीमागे अमेरिकन फुटबॉलचं मैदान, त्याभोवती चारशे मीटरचा ट्रॅक, टेनिसची कोर्ट, आत दोन-तीन जिम, बऱ्याच ठिकाणी पोहण्याचा तलावसुद्धा. शरद ऋतूत शुक्रवारी रात्री मैदानावर दिवे लागतात, मार्चिंग बँड वाजतो, सगळं गाव बाकांवर येऊन बसतं. पालकांचा बूस्टर क्लब हॉटडॉग आणि हॉट चॉकलेट विकतो, आणि त्या पैशांतून एखाद्या संघाला तंबू येतो, एखाद्याला नवे अडथळे. त्या खिडकीमागे मीही उभी राहिले आहे. थंडीत कुडकुडत डॉलर मोजताना शेजारच्या बाईशी ओळख होते, ती पुढे वर्षानुवर्षं टिकते. ज्यांनी अमेरिकेतली शाळा फक्त सिनेमात पाहिली त्यांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं, आणि ते खोटं नाही.

पण एवढी मैदानं असूनही मोठ्या शाळेत खेळायला मिळणं अवघड असतं. साधा हिशेब आहे. तीनशे मुलांच्या खेड्यातल्या शाळेचा बास्केटबॉल संघ जेवढा, जवळजवळ तेवढाच तीन हजार मुलांच्या शाळेचा. व्हॉलीबॉलला एका वेळी कोर्टवर सहा जणी, राखीव धरून डझनभर. नववीत शिरताना लेकीला व्हॉलीबॉल खेळायचं होतं. ऑगस्टमध्ये ट्रायआउट झाली, जागांच्या कितीतरी पट मुली आलेल्या. निवडल्या गेलेल्या बहुतेक जणी सहावी-सातवीपासून बाहेरच्या क्लबमध्ये खेळत होत्या, वर्षाला हजारो डॉलर फी भरून. यादी लागली, तिचं नाव नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलीला शाळेचा पहिला तास भरायच्या आधीच 'तू यातली नाहीस' असं कळतं. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. कोणाचा दोष म्हणून नाही सांगत. तीन हजार मुलांना बारा जागा, यात कुठलाही कोच काय करणार?

मग तिच्या मैत्रिणीच्या आईने सांगितलं, "क्रॉस कंट्रीला पाठव. तिथे कोणाला काढत नाहीत."

क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून गवतावर, चढउतारांवर, झाडांमधून धावणं. आमच्या इलिनॉय राज्यात शर्यत तीन मैलांची, म्हणजे पावणेपाच किलोमीटरहून थोडी जास्त. हंगाम ऑगस्टच्या दमट उकाड्यात सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पहाटे गवतावर दहिवर गोठायला लागलं की संपतो. सामान काय लागतं? बुटांची एक जोडी. मुख्य शर्यत व्हर्सिटीची, म्हणजे शाळेच्या पहिल्या संघाची, तिच्यात प्रत्येक शाळेच्या सात जणी धावतात. उरलेल्यांसाठी जेव्हीची, म्हणजे ज्युनिअर व्हर्सिटीची शर्यत असते, बऱ्याचदा नववी-दहावीची वेगळी. तिथे शाळा आणेल तेवढ्या मुली सुरुवातीच्या रेषेवर उभ्या राहतात.

या खेळाचं गुणांकन मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. सात जणी धावतात, पण गुण पहिल्या पाच जणींचे. जितकी कितवी, तितके गुण. पाचांची बेरीज करायची आणि जिची बेरीज सगळ्यात कमी ती शाळा जिंकली. समजा एका शाळेच्या मुली पहिली, दुसरी, तिसरी आल्या, पण चौथी मुलगी तिसावी आणि पाचवी एक्केचाळिसावी. बेरीज ७७. दुसऱ्या शाळेची एकही मुलगी पहिल्या दहांत नाही. त्या अकरा, तेरा, चौदा, सतरा आणि वीस अशा आल्या. बेरीज ७५. दुसरी शाळा जिंकली! तिन्ही पदकं गळ्यात घालून पहिली शाळा हरली. शिवाय सहावी आणि सातवीचे गुण धरत नसले तरी त्या समोरच्या संघाच्या पाचवीला गाठून मागे टाकू शकतात, की तिचा आकडा वाढतो आणि तिच्या शाळेची बेरीज बिघडते.

म्हणून शर्यत बघायला जाणारे जाणकार पहिली कोण आली हे बघून झालं की लगेच मागे वळतात आणि पाचवीची वाट बघतात. पहिली आणि पाचवीतलं अंतर किती सेकंदांचं, यावर संघाची ताकद ठरते. मुली पॅक करून, एकमेकींना धरून धावायला शिकतात. पुढची मुलगी मागच्या मैत्रिणीला ओढून घेते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्या मैलाला, जिथे सगळ्यात कंटाळा येतो आणि प्रेक्षकही नसतात, तिथे एक जण नुसतं "ये, माझ्यासोबत ये" म्हणते आणि दुसरी खरोखर येते.

आमच्या घराजवळच एल्महर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या यॉर्क कम्युनिटी हायस्कूलने हे सगळ्यांना घेऊन धावणं कुठवर नेता येतं ते दाखवलं. जो न्यूटन तिथे १९५०च्या दशकात शिकवायला आले आणि २०१३पर्यंत मुलांच्या संघाचे कोच राहिले. १९६२मध्ये त्यांच्या संघाने राज्याचं पहिलं विजेतेपद मिळवलं आणि न्यूटन निवृत्त झाले तेव्हा विजेतेपदं २८ झाली होती. २००४मध्ये शालेय संघांची राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा पहिल्यांदा भरली, तीही यॉर्कने जिंकली. ब्रिटनचे धावपटू सेबॅस्टियन को १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकआधी शिकागोत येऊन न्यूटन यांच्यासोबत सराव करत होते. त्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. १९८८ला सोलला गेलेल्या अमेरिकेच्या पथकात मॅरेथॉन धावपटूंचे प्रशिक्षक म्हणून न्यूटन होते, म्हणजे सरकारी शाळेतला एक शिक्षक.

हे सगळं मोठंच, पण मला वेगळंच मोलाचं वाटतं. यॉर्कच्या संघात एका हंगामात दोनशेहून जास्त मुलं असत. कोणालाही काढलेलं नसे. न्यूटन प्रत्येकाला टोपणनाव देत आणि ते लक्षात ठेवत. सरावानंतर प्रत्येक मुलाने त्यांच्याकडे येऊन हात मिळवायचा आणि मगच घरी जायचं, हा नेम. रोज, प्रत्येकाशी, दोन शब्द तरी. मोठं होणं चांगलं, पण चांगलं होणं त्याहून मोठं, असं ते मुलांना सांगत. शिस्तीला मात्र कडक होते. धावायचं म्हणजे पहाटे, पावसात, सुट्टीत, सगळ्या दिवशी. हिरव्या बनियनातली ती लांबलचक रांग गावातून धावत जायची, म्हणून संघाचं नावच 'लाँग ग्रीन लाइन' पडलं. न्यूटन २०१७च्या डिसेंबरमध्ये, ८८ वर्षांचे होऊन गेले.

काही जण म्हणतात, सगळ्यांना घेतलं की दर्जा घसरतो. यॉर्कने याच्या बरोबर उलटं दाखवलं, आणि त्यामागे भाबडेपणा नाही, गणित आहे. नववीतला कोणता मुलगा बारावीत काय होईल हे कोणालाही सांगता येत नाही, कारण या चार वर्षांत मुलाची उंची वाढते, छाती भरते, मन तयार होतं. ऑगस्टमध्ये शेवटी येणाऱ्या पोराला काढून टाकलं नाही, तर चौथ्या वर्षी तोच पाचवा येतो. आणि जिंकायला पाचवा लागतो. दोनशे मुलांना चार वर्षं सांभाळणाऱ्या शाळेकडे पाचव्या क्रमांकासाठी वीस जण तयार असतात.

दुसरं उदाहरण आमच्याच भागातल्या नेपरव्हिल या गावाचं. तिथे तर पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. १९९०च्या दशकात फिल लॉलर नावाच्या पी.ई.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधून पाहिला. सहावीतली एक मुलगी होती, खेळात अजिबात न चमकणारी. एक मैल ती हळूच धावली, पण पट्ट्याने दाखवलं की तिचे ठोके मिनिटाला सरासरी १८७ पडत होते. ज्या मुलीला शिक्षक आळशी समजले असते, ती जीव तोडून धावत होती. त्यानंतर तिथल्या शाळांनी गुण देण्याची पद्धत बदलली. कोण किती वेगात धावलं याऐवजी कोणी आपल्या ताकदीप्रमाणे किती मेहनत घेतली हे पाहायला लागले. नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलमध्ये पॉल झिएंटार्स्की यांनी त्याच वाटेने पुढे जाऊन शाळा भरायच्या आधी व्यायामाचा तास सुरू केला, वाचनात मागे असलेल्या मुलांना त्यात घेतलं. १९९९च्या टीआयएमएसएस या आंतरराष्ट्रीय परीक्षेत नेपरव्हिलची मुलं विज्ञानात जगात पहिली आणि गणितात सहावी आली, तेव्हा या व्यायामाची खूप चर्चा झाली. नेपरव्हिल सुखवस्तू, शिकलेलं गाव आहे, त्यामुळे सगळं श्रेय धावण्याला देणं बरोबर नाही. पण त्या एका मुलीच्या १८७ ठोक्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. माझ्या वर्गात अशा कितीतरी जणी होत्या आणि त्यांना पट्टा बांधायला कोणी नव्हतं.

मुली हा विषय निघालाच आहे तर तेही सांगायला हवं. १९७२च्या जूनमध्ये टायटल नाइन हा कायदा झाला. सरकारी पैसे घेणाऱ्या शाळेत मुलगी म्हणून कोणालाही कुठल्या उपक्रमातून वगळता येणार नाही, असं त्यात आहे. कायद्यात खेळ हा शब्दसुद्धा नव्हता, पण सगळ्यात मोठा बदल खेळांत झाला. १९७१-७२ साली देशभरात हायस्कूलच्या संघांतून खेळणाऱ्या मुली होत्या २,९४,०१५. आता त्या तीस लाखांच्या वर आहेत. इलिनॉयमध्ये मुलांची राज्य क्रॉस कंट्री स्पर्धा १९४६पासून होते, मुलींची १९७९मध्ये सुरू झाली. मधली तेहेतीस वर्षं ज्या मुली धावू शकल्या असत्या, त्यांचं काय झालं असेल, हा विचार शर्यतीच्या रेषेवर उभ्या असलेल्या शेकडो पोरी बघताना माझ्या मनात येतोच. आमच्या साताऱ्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा आईने शेजाऱ्यांना बोलावून टीव्ही लावला होता. मोहीसारख्या गावांत पायांत ताकद असलेल्या मुली किती असतील! त्यांच्या शाळेत रोज संध्याकाळी साडेतीन वाजता पगार घेऊन उभा असलेला कोच असता तर?

राज्याची अंतिम स्पर्धा पिओरियाच्या डेटवायलर पार्कमध्ये होते, १९७०पासून तिथेच. आमच्या शाळेच्या सात जणी पात्र ठरल्या त्या वर्षी बाकीचा सगळा संघ त्यांना ओरडून साथ द्यायला गेला, आम्ही पालकही गेलो. रुंद माळावर एका टोकाला रेषा आखलेली, प्रत्येक शाळेला एक चौकट. बंदूक उडाली की सगळा माळ हलायला लागतो आणि रंगीत बनियनांचा तो पट्टा पुढे निमुळता होत वळणाकडे जातो. प्रेक्षक एका जागी थांबतच नाहीत. मुली लांबच्या वळणाने जातात, तोवर आयाबाप, भावंडं, कोच सगळे मधून आडवे पळत पुढच्या ठिकाणी पोहोचतात. हातात कॉफीचे कप, पायांत चिखलाचे बूट. कोणी स्टॉपवॉच बघून ओरडतंय, कोणी "चार नंबर पुढे, एवढीच गाठ!" म्हणतंय. लेकीने गालावर शाळेचे रंग फासले होते आणि तिचा आवाज बसला होता. त्या सातांपैकी पाचवी मुलगी नववीत लेकीच्याच गटात, अगदी मागे धावायची. ती शेवटच्या सरळ पट्ट्यावर दिसली तेव्हा आमच्या तंबूतल्या मागे धावणाऱ्या सगळ्या मुली दोरीला चिकटून किंचाळत होत्या. ती त्यांची होती ना!

ओळखीचे लोक विचारतात, याचा कॉलेजला उपयोग होतो का. प्रश्न रास्त आहे, आपण मुलांच्या भवितव्यासाठीच इतक्या लांब आलोय. तर सरळ सांगते: शाळेत खेळणाऱ्यांपैकी साधारण दोन टक्के मुलांनाच कॉलेजात खेळाची शिष्यवृत्ती मिळते, आणि माझी लेक त्यात कधीच नसेल. गणिताच्या क्लासची वेळ सांभाळताना आमची ओढाताण होते, तीही खरी. पण सरावाहून आल्यावर ती अभ्यासाला बसते तेव्हा मन लावून बसते. शिवाय राज्याच्या संघटनेचा नियमच आहे की खेळणारी मुलं पाच विषयांइतक्या अभ्यासात उत्तीर्ण असली पाहिजेत, आणि शाळा ते दर आठवड्याला तपासते. आणि उपयोग म्हणाल, तर दमल्यावरही आणखी एक मैल जाता येतं हे तिला सोळाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी कळलं आहे. मला ते पस्तिशीनंतर कळलं.

एका गोष्टीची खंत आहे. इथल्या शाळांचा बराचसा पैसा घरांच्या मालमत्ता करातून येतो. घरं महाग तिथली शाळा श्रीमंत: चांगला ट्रॅक, दुखापत बघणारा ट्रेनर, वेळेवर बस. तासाभराच्या अंतरावर अशाही शाळा आहेत जिथे यातलं एकेक जमवताना शिक्षकांची दमछाक होते. आमच्या भागातही काही शाळा खेळासाठी वेगळी फी घेतात. क्रॉस कंट्रीला मैदान लागत नाही, जाळी लागत नाही. पण कोच लागतो, बस लागते, आणि ज्याच्या आईबापांची संध्याकाळची पाळी आहे त्याला घरी सोडणारं कोणीतरी लागतं. जो खेळ कोणालाच काढत नाही म्हणून मला आवडतो, त्यातून अशी मुलं न काढताच गळतात. बूस्टर क्लबच्या बैठकीत मी बुटांसाठी आणि उशिराच्या बससाठी पैसे बाजूला काढायचा विषय मांडत राहते, यंदाही मांडणार आहे.

या भागात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी शेवटी थोडी माहिती. पोर आठवीतून नववीत जातंय, कुठल्याच खेळात पुढे नाही, नव्या शाळेत कोणी ओळखीचं नाही, असं असेल तर जूनमध्येच शाळेच्या क्रॉस कंट्री कोचना ईमेल करा. उन्हाळ्यात मुलं एकत्र धावतात, त्यात कोणालाही येता येतं आणि शाळा सुरू व्हायच्या आधीच ओळखी होतात. डॉक्टरांकडून खेळासाठीची तपासणी करून घ्या. ती ३९५ दिवसांच्या आतली लागते आणि ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट मिळत नाहीत. बूट ऑनलाइन मागवू नका, धावण्याच्या दुकानात जाऊन पाय मोजून घ्या. स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, लगेच लागत नाहीत. पाण्याची मोठी बाटली द्या, त्यावर नाव लिहा. ट्रायआउट नसते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सराव सुरू होतो, बहुतेक ठिकाणी सकाळी सातच्या सुमारास, ऊन चढायच्या आत.